रिकामा आलेला डबा

रमझानचा तिसरा शुक्रवार, डिस्कव्हरी गार्डन्स

समोरच्या फ्लॅटमधल्या पॅलेस्टिनी रानियाने आज माझा डबा रिकामा परत दिला. घासून, पुसून, कोरडा. सहा वर्षं रमझानमध्ये माझी भजी जातात आणि त्याच डब्यातून तिचे करंजीसारखे कतायेफ येतात. रिकामा डबा ना ती देत, ना मी.

जेरुसलेमच्या मशिदीत इस्रायली पोलीस घुसले तेव्हा तिचा भाऊ तिथेच नमाजाला होता. आणि काल माझ्या नवऱ्याने बिल्डिंगच्या ग्रुपवर त्या पोलिसांच्या व्हिडिओखाली टाळ्यांची इमोजी टाकली. माझ्या फोनवरून, म्हणजे माझ्या नावाने. तिच्या हातचं इतकं खाऊन?

ते मी नव्हते हे सांगायला गेले, तर रानिया "खलास", संपलं, एवढंच म्हणाली आणि तिने दार लावलं.

आत्ता जेवताना नवरा विचारतो, "आज कतायेफ नाही आले?"

तोच डबा त्याच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, उघड.