आईचा बस्ता, दोन नंबर

अण्णा, तुमचा कॉम्प्युटर काल भंगारात दिला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तो मुकुंदवाडीच्या घरात टेबलावर तसाच होता, तुम्ही हातानं शिवलेल्या खोळीखाली. देण्याआधी एकदा चालू करून पाहिला. चालला नाही, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

वैजापूरला तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये तुम्ही उभी हयात काढलीत. प्रत्येक गावाचा लाल कापडात बांधलेला एक बस्ता, आतल्या कागदांवर १, २, ३ असे आकडे. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकलात आणि तोच संसार तिथं मांडलात. फोल्डरला तुम्ही बस्ताच म्हणायचात. आईचा बस्ता, माझा बस्ता, नातवाचा बस्ता, आणि आतल्या फाइलींना नुसते आकडे. मी हसायचे. "अण्णा, फाइलीला धड नाव द्या आणि सर्च करा. बस्ते सोडत कोण बसतं आता?" तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघायचात. "लई शहाणी झालीस. माणूस नाव विसरतं, जागा नाय विसरत."

आईच्या बस्त्यात तिचा आवाज होता. नवा मोबाईल घेतलात तेव्हा तुम्ही येता-जाता तिचं बोलणं भरून घ्यायचात. दोन नंबरच्या फाइलीत ती रागावते आहे, "अहो, ते डबडं ठेवा बाजूला, कोथिंबीर निवडा आधी," आणि मग तिलाच हसू फुटतं. ती गेल्यावर रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन तुम्ही तेवढंच ऐकायचात. मोबाईल तर केव्हाच बिघडला होता, आवाज उरला तो फक्त कॉम्प्युटरवर.

तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी उपकार करायला बसले. घरी आल्यावर खूश व्हाल म्हणून सगळे बस्ते मोडले आणि सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ओतल्या. कॉम्प्युटरनं विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? मी न वाचताच सगळ्यांना 'हो' केलं. दोन नंबर तर तुमच्या प्रत्येक बस्त्यात होता. आईच्या हसण्यावर माझ्या पोराचं बडबडगीत जाऊन बसलं. मला त्याचा पत्ताही लागला नाही; मी उरलेल्या कागदांना धड नावं देत बसले.

दोन दिवसांनी तुम्ही खाटेवरून म्हणालात, "आईचा बस्ता, दोन नंबर. तुझ्या मोबाईलवर घेऊन ये." मी घरी आले, सर्चमध्ये 'आई' टाकलं. तिचं रेशनकार्ड आलं, तपासण्यांचे कागद आले, मृत्यूचा दाखला आला. मीच नावं देऊन ठेवलेलं सगळं आलं. आवाज आला नाही. मी तासभर शोधत राहिले, मग रिकाम्या हातानं तुमच्याजवळ येऊन बसले.

"घरी लाईट नाही, अण्णा. उद्या आणते."

"व्हय, उद्या आण. जागच्या जागी हाय ना?"

"हो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. मला रडताना बघून लोक म्हणत होते, बापाची फार लाडकी होती.

आज माझ्या लॅपटॉपवर तुमचा बस्ता केला आहे. हे पत्र त्यात ठेवते, नाव न देता, नुसता आकडा एक. ते कुठं पाठवायचं नाही, म्हणून तरी एवढं लिहिते. त्या दिवशी घरी लाईट होती, अण्णा.