इराची पुडी

मंगळवार, वेलचेरी

१. संध्याकाळी तांबरमला दादाकडे गेले.
२. वहिनीने लेकीसाठी, इरासाठी आणलेली प्रोबायोटिकची पुडी दाखवली. इराला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, थेंबभर गेलं तरी ओठ सुजतात.
३. पुडी पर्समध्ये टाकून मी निघून आले.

मी पुडी उचलली तेव्हा वहिनी चिडली. "चांगले जिवाणू शरीराला अ‍ॅलर्जी विसरायला शिकवतात म्हणे. तुमच्या लॅबला माहीत नाही का, वन्सं?"

"काही जिवाणू, काही मुलांना शिकवत असतील. खात्री अजून कोणालाच नाही."

"आणि पुडीवर दूध कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं नाही. पण आम्ही लॅबमध्ये असे जिवाणू दुधाच्या प्रथिनांवरच वाढवतो. पुडीत त्या प्रथिनांचा अंश उरला असेल तर? नसेलही. मी उगाच घाबरवलं का?

दारात इराने विचारलं, "आत्या, मग मी सगळ्यांसारखा तयिर सादम कधी खाणार?" दहीभातच तर मागतेय.

घरी आल्यावर पुडी समोर ठेवून कंपनीला लिहिलं: हे जिवाणू कशावर वाढवता? पुडीत दुधाची प्रथिनं उरतात का? चार वर्षांच्या मुलीसाठी विचारते आहे. कृपया शुक्रवारपर्यंत उत्तर द्या.