आईनं सोडलेलं दूध

प्रिय विशू,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी "ताई, लेक्चर नको" म्हणून ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. आमच्या शेजारचा कृष्णा वाळूजला तुझ्याच शिफ्टच्या बसनं येतो, त्याच्या हाती देतेय. रविवारच्या आधी वाच, एवढंच मागणं आहे.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा लावून आमच्या गॅलरीत बसते आणि खालच्या भाजीवाल्याशी वरूनच हुज्जत घालते, म्हणजे तब्येत ठीक समज. पण माझी झोप उडालीय, ती तिच्या डोळ्यामुळं नाही.

बाळंतपणानंतर सव्वा महिन्यानं तुझी रूपाली बाळाला घेऊन माहेराहून पाचोडला आली, तेव्हा आईनं केवढं कौतुक केलं होतं! ओटी भरली, आणि त्याच संध्याकाळपासून म्हशीच्या दुधाचा पेला सुरू झाला. सकाळी गूळ घालून, रात्री सुंठ घालून, शिवाय अळिवाची खीर. आपल्याकडं बाळंतिणीनं दुधाला नाही म्हणायचं नसतं. रूपालीनं म्हणून बघितलं, पोटात मुरडा येतो म्हणाली. आई सगळ्यांदेखत म्हणाली, "लेणीपाशी दगडं इकणाऱ्यांच्या घरात म्हैस कवा बांधली होती? सवय नाय तिला, व्हईल." सगळे हसले. मग ती पोर पेला गुपचूप मोरीत ओतायला लागली आणि एक दिवस आईनं पाहिलं. "लेकराच्या तोंडचं दूध मोरीत ओतलं हिनं!" हे आख्ख्या भावकीत फिरलं. भावकीतले थोरले म्हणून काकासाहेबकाकांनी ओट्यावर बसून निवाडा केला, हिला माहेरी धाडा, आणि तू मान खाली घालून उभा राहिलास. ती लेकराला घेऊन वेरूळला बापाकडं निघाली, तेव्हा तिला स्टँडपर्यंत सोडायलासुद्धा कुणी गेलं नाही.

आता लेक्चर, थोडंच. म्हशीचं पारडू असो, मांजरीचं पिल्लू असो की माणसाचं मूल, अंगावरचं सुटलं की दुधातली साखर पचवायची ताकद हळूहळू मावळत जाते. सस्तन प्राण्यांची मूळ रीत तीच. पण काही हजार वर्षांपूर्वी गुरं राखणाऱ्या लोकांत कुणाकुणाच्या जनुकात बारीकसा बदल झाला आणि त्यांना मोठेपणीही दूध पचत राहिलं. ज्यांचं जगणं गुरांवर होतं, त्यांच्यात अशांचीच लेकरं जास्त तगली असणार, आणि तो बदल पिढ्यान्‌पिढ्या पसरत गेला. सगळीकडं सारखा मात्र पसरला नाही. आपल्या देशात कितीतरी मोठ्या माणसांना दूध पचत नाही, एकाच घरात एकाला चालतं आणि दुसऱ्याला नाही. ताक त्यांनाही बहुधा सोसतं, कारण विरजण थोडं काम आधीच करून ठेवतं. आबा धारोष्ण दुधाचा तांब्या उभ्या उभ्या रिकामा करायचे आणि आपण टाळ्या वाजवायचो. ती त्यांची मर्दुमकी नव्हती रे, कुठल्यातरी गुराखी पूर्वजाची देणगी होती. अकरावीच्या वर्गात हे मी दरवर्षी रंगवून सांगते. घरात मात्र कुणाच्या कामी आलं नाही.

आई काळा चहा पिते हे तर जगजाहीर आहे. माझ्या पाठीवर मुलगा होऊ दे, दूध सोडीन, असा नवस तिनं घृष्णेश्वराला केला आणि तू झालास. लहानपणी किती तोऱ्यात सांगायचास, "माझ्यासाठी आईनं दूध सोडलंय!" मला हेवा वाटायचा. माझ्यासाठी तिनं साधी भेंडीसुद्धा सोडली नव्हती.

परवा ती फार गळून गेल्यासारखी वाटली. मी म्हटलं, आजारपणात देव नवसाचं मनावर घेत नाही, आणि हळदीच्या दुधाचा पेला तिच्या हातात दिला. नको म्हणाली. मी ऐकलं नाही. हे समोर बसलेले, जावयापुढं ती काय बोलणार? घटाघटा पिऊन टाकलं. दुपारी पोट धरून आडवी झाली आणि संडास गाठेपर्यंत तिची पार दैना झाली. मी धुऊन-पुसून तिला पलंगावर बसवलं आणि डॉक्टरांना फोन लावायला लागले, तर माझा हात धरून म्हणाली, "डाक्टर कशाला? मला हे लगीन झाल्यापसून म्हाईत हाय. तुझी आज्जी पाजायची तवा असंच व्हायचं. पाटलाच्या घरात येऊन दुधाला नाक मुरडती, म्हनायची. मग काय करू? देवाचं नाव घेतलं. देवाला सोडलंय म्हनलं की कुनी पाजत नाय." मग चादर पायावर ओढून म्हणाली, "त्या पोरीलाबी असंच व्हत असंल का गं?"

विशू, मला तुझा राग येतो, आणि हे लिहिताना तुझ्यासाठी वाईटही वाटतंय. दूध तिनं तुझ्यासाठी सोडलं नव्हतं. तुझ्या नावाच्या आड ती जन्मभर लपली. रूपालीला लपायला देव सुचला नाही, तिला वाटलं तू आहेस.

रविवारी काकासाहेबकाका दोन गाड्या घेऊन वेरूळला जाणार, "पोरगं आपलं हाय, उचलून आनू, वरचं दूध पाजू" असं ठरलंय, आणि तू हो म्हणालास, हे मला आईनंच रडत सांगितलं. म्हणून लिहायला बसले. तीन महिन्यांचं अंगावर पिणारं लेकरू आईपासून तोडून त्याला डब्याचं पाजणार, आणि लेकराच्या तोंडचं दूध ओतलं म्हणून नाव मात्र तिचं? त्या गाडीत बसू नकोस. शनिवारीच वेरूळला जा, एकटा जा. काकांना थांबवायचं आईनं स्वतःवर घेतलंय, आणि त्यासाठी भावकीपुढं काय उघडं करावं लागेल हे तिला ठाऊक आहे. काल म्हणत होती, "ल्ही त्याला, पर नवसाचं नको ल्हू." आज सकाळी चहा घेताना म्हणाली, "ल्ही समदं. आन् म्हनावं, जाताना तिच्यासाठी ताक घेऊन जाय. लई आंबट नको."

तुझीच,
मंजूताई