सोमवारचा ससा

मंगळवार, २८ नोव्हेंबर

तारीख मिळाली! पुढचा सोमवार, दुपारी दोन. हनादीच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा एकदाची होणार. डिसेंबर संपायच्या आत ती डॉक्टर झाली नाही, तर नियमाप्रमाणे तिला शिकवण्यातून काढून कचेरीत बसवतील — विद्यार्थ्यांच्या अर्जांवर शिक्के मारायला. आणि तिची जागा विभागप्रमुख ममदूहच्या भाच्याला. तो आत्ताच लायब्ररीत तिच्या खुर्चीत बसून पाठ नीट टेकते का बघत असतो.

परीक्षक तिघं. मार्गदर्शक म्हणून मी अध्यक्ष, दुसरा ममदूह, आणि बाहेरचा — कैरोहून बहगत. हनादीने प्रबंधात ज्याचं पुस्तक उलटं टांगलंय, तोच बहगत.

"ममदूह, दुसरं कुणी मिळालं नाही?"

"डॉक्टरबाई, या विषयात त्यांच्याएवढं मोठं कोण आहे?" म्हणाला आणि गोड हसला. मीही हसले. नन्सनी शाळेत तेवढं पक्कं करून घेतलंय.

बुधवार, २९ नोव्हेंबर

बहगतचं पुस्तक पुन्हा काढलं. तीस वर्षांपूर्वीचं, त्यावरच त्याचं नाव झालं. म्हणे रोमन काळात आपल्या खेड्यांतल्या बायका न्यायासनापुढे स्वतः बोलत नसत. नवरा, भाऊ, कुणीतरी पुरुष बोलायचा. हनादीने फय्यूम भागात सापडलेले पपायरस, म्हणजे त्या काळचे कागद, वाचून दाखवलंय की त्या स्वतः जात, अर्ज देत, भांडत. एका विधवेचं गाढव चोरीला गेलं, तर तिने अधिकाऱ्याचा झगाच धरून ठेवला होता!

बहगत आणि मी एकाच वर्गात होतो. माझा लॅटिन शब्दकोश तो ट्रामपर्यंत उचलून आणायचा. जड होता म्हणून नाही, त्याच्याकडे स्वतःचा नव्हता म्हणून. शाळेतल्या नन सेर क्लेमांस मला घरी लॅटिन शिकवायच्या, बोटात शिवणाचं अंगुस्तान घालून डोक्यावर टकटक करत. माझं लॅटिन त्या टकटकीतून आलंय, आणि बहगतचं माझ्यातून. हे त्याच्या पुस्तकाच्या ऋणनिर्देशात नाही.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

बहगतबद्दल सगळ्या विद्यापीठांना एक गोष्ट माहीत आहे. उपाशी असला की उमेदवाराला संध्याकाळपर्यंत उभं करतो. जेवलेला असला की डोळे मिटतात आणि मान नुसती हो हो म्हणत डुलते. एरवी उमेदवाराच्या घरचे केकचे ट्रे घेऊन येतात आणि हे काम होऊन जातं. पण नव्या डीननी हॉलमध्ये खाणंपिणं बंद केलंय.

हॉलमध्ये ना? माझ्या घरी नाही.

शुक्रवार, १ डिसेंबर

बहगतला फोन केला. "सोमवारी गाडीतून उतरलास की आधी माझ्याकडे ये. मुलूखियाची पातळ पालेभाजी आणि ससा."

"लोरीस, लाच देतेस?"

"जेवण देतेय. लाच द्यायची तर त्याहून भारी, मसाला भरलेली कबुतरं केली असती."

हसला. येतो म्हणाला. ममदूहलाही मुद्दाम सांगितलं, पाहुण्याचं जेवण माझ्याकडे आहे, तुम्ही काळजी करू नका. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

रविवार, ३ डिसेंबर

आम्हा कॉप्टिक ख्रिश्चनांचा नाताळचा उपास चालू आहे. मला मांस चालत नाही, मग मीठ बघायचं कसं? वरच्या मजल्यावरच्या इनायतला हाक मारली, ती मुसलमान, तिला हा उपास नाही. वाटीभर रस्सा प्यायली, डोळे मिटले, सोफ्यावरच पडली. म्हणजे जमलंय.

हनादी आली होती. ओठ पांढरे पडलेले.

"डॉक्टरबाई, ते मला विचारतील, बहगत चुकले असं तुम्ही म्हणता का? मग मी काय म्हणू?"

"हो म्हण."

"तोंडावर?"

"पाठीमागे म्हणायला परीक्षा कशाला लागते?"

मुलगी रडली, मग हसली, मग टोपलीतली सगळी संत्री संपवून गेली.

सोमवार, ४ डिसेंबर

काय दिवस!

दुपारी बहगत आला. केस सगळे गेलेत, कोट तोच असावा. टेबलावर भात, मुलूखिया, मधोमध ससा. मी वाढायला घेतलं तर हाताने ताट झाकलं.

"माफ कर. माझा रोजा आहे."

"आज? रमजान कुठे आहे?"

"सोमवार आहे ना. मक्केला उमरा करून आल्यापासून सोमवार-गुरुवार धरतो."

माझ्या येशू! मी माझ्या उपासाचं कॅलेंडर बघितलं, त्याचं बघायचं सुचलंच नाही. जन्मभर मुसलमानांच्या शेजारी राहून! मला ससा चालत नाही, त्याला पाणीसुद्धा चालत नाही. दोघं हात मांडीवर ठेवून बसलो, मधे तो ससा वाफाळतोय.

म्हणजे उपाशी बहगत. सिगारेटही नाही. हनादीचं काही खरं नाही.

हॉल भरलेला. हनादीची आई रशीद गावाहून मावश्या-काकवांची बस भरून आलेली. तिने दारातच बहगतला सरबत विचारलं, तर तो मोठ्याने म्हणाला, रोजा आहे. मी आत पाऊल टाकताच बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या फोडल्या. मी झग्यात होते, त्यांना वाटलं निकाल लागला.

तेव्हा सुचलं. सूर्य पाचच्या सुमाराला मावळतो, तेव्हा रोजा सुटतो. अध्यक्ष मी आहे. प्रास्ताविक किती लांब असावं, याचा नियम कुठेच नाही.

बोलले. विभागाचा इतिहास बोलले. सेर क्लेमांस, अंगुस्तान, वडिलांना मला औषधशास्त्राला घालायचं होतं ते, अथेन्सच्या लायब्ररीत गोठलेली बोटं, सगळं. ममदूह घड्याळावर टिचक्या मारत होता. "डॉक्टरबाई, उमेदवाराबद्दल काही?" मी म्हटलं, "तिथेच येतेय." आणि टॉलेमी राजांपासून पुन्हा सुरू केलं. पुढच्या रांगेतली एक काकू घोरायला लागली. बहगत माझ्याकडे बघत होता, डोळे टक्क उघडे.

मग हनादीने मांडणी केली. मग ममदूहने खुसपटं काढली. मग बहगतने माईक ओढला, पान उघडलं.

"एकशे चाळीस पानावर तुम्ही म्हणता, मी चुकलो."

हनादी उभी. "हो सर."

आणि मशिदीतून बांग.

हनादीची आई उठली, तरातरा मंचावर चढली, पर्समधून खजुराची पुडी काढली. ममदूह म्हणाला, "बाई, इथे खायला मनाई आहे, खाली जा."

"तुम्ही गप्प बसा साहेब. माणसाचा रोजा आहे." आणि बहगतकडे वळून, "घ्या भाऊ. मग काय ते विचारा तिला, ती देईल उत्तर. मी शिकवलंय तिला बोलायला."

बहगतने खजूर घेतला. हळूहळू खाल्ला. बी रुमालात ठेवली. आईकडे बघितलं, मग समोरच्या रांगांतल्या सगळ्या मावश्यांकडे.

"मी लिहिलं होतं, आपल्या बायकांच्या वतीने पुरुष बोलायचे," माईकमध्ये म्हणाला. "ते लिहिताना मी रशीदला गेलो नव्हतो. मुलीचं बरोबर आहे. आता पुरावे कसे जोडलेत ते बघू."

बघितलंही, चांगलं तासभर, एकेक करून. हनादी एकदाच अडखळली.

पहिला वर्ग, विशेष सन्मान. ममदूहला सही करावीच लागली. यावेळी किलकाऱ्या योग्य वेळी झाल्या. मीही एक फोडली, नन्सना कळू नये अशी, बारीक.

मंगळवार, ५ डिसेंबर

ससा इनायतने संपवला. "अगं, सोमवारी बोलावलंस? मला विचारायचंस तरी!" म्हणाली. पुन्हा सोफ्यावर झोपली.

बुधवार, ६ डिसेंबर

बहगतचा फोन.

"लोरीस, सोमवारी माझा रोजा नव्हता."

मी खुर्ची ओढून बसले.

"गाडीत बसलो आणि ममदूहचा फोन आला. तुम्ही म्हणे मार्गदर्शकांच्या घरी जेवणार आहात, नोंद करून ठेवतो. तुझा एक घास घेतला असता, तर लाच म्हणून त्याने पोरीची पदवी महिना संपेपर्यंत अडकवली असती. रोजा म्हटल्यावर कोण काय बोलणार?"

म्हणजे मीच तिला बुडवत होते. त्या सशाने.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुला अभिनय येत नाही." मग, "वास जिन्यातच आला होता गं," म्हणाला आणि फोन ठेवला.