भगताचं लोखंड

८ नोव्हें. ८७, रवि.
गावाहून परत. चोपडा ते जळगाव एस.टी.त उभा, मग भुसावळ. दीपनगरला क्वार्टरवर पोचेपर्यंत गुडघा भरून आला. हा गुडघाच वैरी.
नानानं पारावर सगळ्यांसमोर विषय काढला. थोरला चुलतभाऊ, पंचांत त्याचा शब्द चालतो. म्हणे, "औंदा आखाजीले दोर दिलीपले दी दे." दिलीप माझाच पुतण्या, तिशीतला, चांगला आहे पोरगा. पण भगत मी. माझ्याआधी बाप, त्याआधी आजा. बैल सोडलेल्या बारा गाड्या एकीला एक बांधायच्या, वर माणसं मावतील तेवढी, आणि भगतानं कमरेला दोर लावून मरीमातेच्या देवळापर्यंत ओढायच्या. इतकी वर्षं ओढल्याच ना?
गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, देवळाअलीकडे गुडघा वाकला, खरं आहे. दोन्ही बाजूच्या बगल्यांनी काखेत धरून उचलून नेलं. पाय जमिनीला नव्हते. सगळ्या गावानं बघितलं.
नानाला सांगितलं, औंदाही मीच. आणि बगल्यांनी मला हात लावायचा नाही.
बोलून तर बसलो.

१२ नोव्हें.
कॉलनीतल्या व्यायामशाळेत गेलो. रहीमभाई तिथे संध्याकाळी शिकवतात. आमच्याच वीजकेंद्राच्या प्लँटला वेल्डर, मूळ धुळ्याचे, तरुणपणी वजन उचलण्यात नाव काढलेले. म्हटलं, पायात जोर पाहिजे. त्यांनी वय विचारलं. छप्पन्न. हसले नाहीत. नुसता बार खांद्यावर दिला, वजन काहीच नाही. "बैठो आबा. अब उठो."
बसलो झकास. उठलो ते खिडकीचा गज धरून. पोरं मान फिरवून हसली. हसा लेको.

२९ नोव्हें.
मांड्या पेटल्यात. संडासात बसणं म्हणजे शिक्षा. जिना उलटा उतरतो. शेजारचे विचारतात, काय झालं? म्हटलं, जवानी आली.
ही म्हणते, "या वयमा लोखंड! तुम्हना हाडं गोया कराले कोन येई?" म्हटलं, तूच. जी रागावली! मग न बोलता गुडघ्याला तेल चोळून दिलं.

२० डिसें.
जमिनीवरून उचलायला सुरुवात. मी हातानं ओढायचो. र.भाई म्हणाले, "वजन मत उठाओ, जमीन को लाथ मारो." लाथ मारली. बार वर आला की आपोआप! अरे, हे आधी का नाही कोणी सांगितलं?
अंडी घरात चालत नाहीत. ती र.भाईंकडे दुधात फेटून. भगतानं अंडं खावं का? पाडव्यापर्यंत खाणार, मग बंद. देवीला तसं सांगून ठेवलंय.

१७ जाने. ८८
फजिती. संक्रांतीला सेक्शनमधले चारजण तिळगूळ द्यायला व्यायामशाळेतच आले. मला चेव आला. र.भाई यायच्या आत दोन्हीकडे एकेक चकती जास्त चढवली. "बघा रे भगत!" कंबरेत कट्‌कन. तिथेच उताणा. तिळगूळ तोंडात तसाच.
दोन दिवस रजा. र.भाई घरी आले, हिनं चहा दिला, चहा पिऊन म्हणाले, "गाव में भगत होंगे आप. यहाँ चेले हो." ही पदर तोंडाला लावून हसत होती. पुन्हा रिकाम्या बारपासून. बरोबरच आहे म्हणा. राग आला तो स्वतःचाच.

१४ फेब्रु., रवि.
शंभर!! जमिनीवरून, सरळ उभा राहिलो, गुडघा चूप. र.भाईंनी मिठी मारली, त्यांच्या शर्टाला माझा घाम. पोरांनी टाळ्या वाजवल्या, तीच ती हसणारी.
तसाच भुसावळला जाऊन केळी आणली, अख्खी फणी. हिला म्हटलं, शंभर उचलले. "शंभर काय?" किलो! "गहू उचला मंग, गच्चीवर वाळाले टाकाना शे." टाकले. दोन खेपांत पोतं वर. आता बोल.

६ मार्च
दिलीप आला होता, पंपाचं सामान घ्यायला भुसावळला. घरी मी नाही, म्हणून हिनं व्यायामशाळेत पाठवला. मी बारखाली बसलेला, मान लाल, तोंडातून फूं फूं. बघतच राहिला. म्हणाला, "काका, गावमा सांगू का नको?" मी म्हटलं, सांग की, चोरी आहे का?
चूक झाली वाटतं. गावात ही गोष्ट चोरीच होईल.

२० मार्च, रवि.
काल पाडवा. गावी बोलावणं, पंच बसले. नाना लाल. "देवी वढस रे भो, तू नही! तुले लोखंड कसाले लागस? तुन्हा भरोसा उठी गया का?" भगतानं उपास करायचा, अंगारा लावायचा, अंगात येईल ती शक्ती. जोर-बैठका मारून ओढायच्या तर मग भगत कशाला, एखादा पहिलवान आणा भाड्यानं. असं बरंच.
मी पण तोंड सोडलं. म्हटलं, मागच्या वेळी उपास केला नव्हता का? अंगारा लावला नव्हता का? मग गुडघा का वाकला? असं बोलायला नको होतं. दिलीप खाली बघत होता.
शेवटी ठरलं ते असं. औंदा दोर माझ्याकडे. पडलो तर मान दिलीपकडे, कायमचा. नाही पडलो, तर देवळासमोर सगळ्यांदेखत सांगायचं, गाड्या कोणी ओढल्या. देवी म्हटलं तर लोखंड सोडायचं. मी म्हटलं तर दोर सोडायचा.
सांगेन म्हटलं. घाबरतो का काय.

३ एप्रिल
एकशे दहा. अंडी बंद असून. र.भाईंनी आता बूट काढायला लावले. "गाव में नंगे पैर दौड़ोगे ना? तो यहाँ बूट किसलिए?" कमरेचा पट्टा पण काढला. पहिल्यांदा पायाची बोटं फरशी पकडतात म्हणजे काय ते कळलं. इतकी वर्षं ओढतोय, पायाकडे लक्षच दिलं नव्हतं.
दिलीपबद्दल विचार आला. त्याला वाईट वाटत असेल. तो उघड काही बोलत नाही, तेच जास्त लागतं.

१४ एप्रिल
गावी. उपास धरला, एकवेळ भगर, बाकी ताक. जमिनीवर झोप, पायात काही नाही. र.भाई म्हणाले होते, आठ दिवस बारला हात लावू नका, अंग मोकळं होऊ द्या. म्हणजे देवीचं आणि रहीमभाईंचं एकच म्हणणं! नानाला हे सांगायची फार इच्छा झाली. जीभ चावली.
बायाबापड्या पाया पडून जातात. त्या काय बघतात माझ्यात? मांड्या नक्कीच नाही.

२० एप्रिल, बुध.
ओढल्या. पडलो नाही!
काल उन्हं कलली तेव्हा गाड्या लागल्या. माणसं एवढी की चाकं दिसेनात. दिलीप उजवा बगल्या. माझ्या कानाशी म्हणाला, "काका, हात लावत नही, पन शेजारीच शे." बरं वाटलं रे पोरा.
पहिला हिसका सर्वांत वाईट. गाड्या हलेनात. मग जमिनीला लाथ मारली, अगदी र.भाईंची लाथ, आणि पहिलं चाक करकरलं. तिथपर्यंत सगळं माझं. एकेक पाऊल मोजून सांगू शकतो.
पण देवळाअलीकडे, जिथे गेल्या वर्षी गुडघा गेला, तिथे काहीतरी झालं. दोराचं वजनच लागेना. गाड्या मागे आहेत की नाहीत तेच कळेना. गुडघा आठवला नाही, लाथ आठवली नाही. एकदम देवळाची पायरी, हळद, आरडाओरडा, आणि दिलीप रडतोय.
र.भाई बघायला आले होते, चौथ्या गाडीवर बसले होते म्हणे! उडी मारून आले. "आबा, टांगें देखी आपने? टांगें!"
मग नाना समोर. "आते सांग. कोनी वढ्यात?" मी तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. हात जोडून उभा. लोकांना वाटलं अंगात आहे. नानाला तसं वाटलं नाही. म्हणाला, सोमवारी दीपनगरले येस, तठे सांग.

२४ एप्रिल, रवि.
व्यायामशाळेत गेलो. म्हटलं, बारा गाड्या ओढणाऱ्याला शंभर म्हणजे काय! लावले. लाथ मारली. बार जमिनीला चिकटलेला. पुन्हा. नाही. नव्वद केले. नाहीच.
र.भाई म्हणतात, उपास, ऊन, थकवा, पंधरा दिवस थांबा. बरोबर आहे त्यांचं. त्यांचं नेहमीच बरोबर असतं. पण मी बारकडे बघत बराच वेळ बसून राहिलो.
उद्या नाना येतोय. ही विचारते, काय सांगशात? माहीत असतं तर देवळासमोरच नसतं सांगितलं? हिसका माझा होता, देवाशपथ माझा होता. पुढचं कोणाचं ते मला खरंच ठाऊक नाही. आणि ठाऊक नाही असं म्हणणारा भगत कोणी ऐकलाय का?
नानाला कोणता तरी एकच शब्द लागणार. मला दोरही सोडायचा नाही आणि बारही सोडायचा नाही. सकाळी त्याला स्टँडवर घ्यायला मीच जातो, चालत.