जागा धर, हलू नकोस

अहो,

आधी 'प्रिय' असं लिहिलं होतं, ते खोडलं. उभा जन्म तुम्हाला 'अहो' म्हणूनच हाक मारली, आणि आज जे लिहायचंय त्याला तेवढंच पुरे.

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. घास ठेवला आणि कावळ्याने तो लगेच नेलासुद्धा. गुरुजी म्हणाले, "काकांचं मागे काही राहिलेलं नाही." तुमचं कशाला राहील? तुम्ही सगळं बोलून, सगळ्यांना हसवून गेलात. राहिलंय ते माझं.

जेवणं झाल्यावर निखिल आणि अश्विनी माझ्यासमोर येऊन बसले. निखिल म्हणाला, "आई, आता प्रॅक्टिकल विचार कर. आमच्याकडे पुण्याला चल. हा फ्लॅट विकून टाकू, पुढच्या रविवारी एक गिऱ्हाईक बघायला येतंय." मी म्हटलं, "मी इथे बरी आहे की. काय कमी आहे मला?" तर तुमचा मुलगा हसला. अगदी तुमच्यासारखा, आधी डोळ्यांनी आणि मग तोंडाने. म्हणाला, "आई, बाबा बरोबर असताना तू स्वित्झर्लंडमध्ये हरवलीस. एकटी नाशिकरोडला कशी राहशील?"

अश्विनीही हसली. तिचं काही चुकलं नाही, ती या घरात आली तेव्हापासून हेच ऐकतेय. म्हणून लिहायला बसले. तुमच्या एका विनोदापायी माझं घर जायची वेळ आलीय, कळतंय का तुम्हाला?

ती गोष्ट तुम्ही कुठे कुठे सांगितलीत! पहिल्यांदा विमानतळावर घ्यायला आलेल्या निखिलला, मग सोसायटीत, मग निखिलच्या लग्नात व्याह्यांना. पंचवटीच्या बाजारात ती मेथी विकणारी शांताबाई, तिलासुद्धा! मी पिशवी पुढे केली तर म्हणते कशी, "काकू, तुम्ही फॉरेनला हरवल्या व्हत्या म्हणं? काका सांगत व्हते. लय हसलो आम्ही." मी दोन जुड्या घेतल्या आणि रिक्षात बसले. त्या दिवशी मेथीची भाजी तुम्ही चाटूनपुसून खाल्लीत.

आणि ते व्याख्यान? 'रेल्वेने परदेश: काही व्यावहारिक धडे.' ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल भरला होता. तुम्ही झकास बोललात, ते नाकारत नाही. चाकं नसलेली बॅग नेऊ नका. पासवर पहिल्या दिवशी खिडकीवर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. गाडी ठरल्या मिनिटाला सुटते, आपल्यासारखी वाट बघत नाही. डब्यात लोणच्याची बरणी उघडू नका. सगळं खरं होतं. ती चाकं नसलेली बॅग जिन्यावरून कुणी चढवली ते तेवढं राहून गेलं. मग शेवटी म्हणालात, "आणि सर्वांत महत्त्वाचा धडा. सामान आणि कुटुंब, दोन्हीवर नजर ठेवा. आमच्या हिला म्हटलं होतं, हलू नकोस. पण ऐकेल तर ना!" हॉल खदाखदा हसला. मी मागे पोह्यांच्या बश्या भरत होते. दोन बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी बश्यांवर खोबरं घालत राहिले.

अहो, मी हललेच नव्हते. हललात तुम्ही!

आता सगळं नीट सांगते. तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगते, कारण तुमच्या तोंडून ते एकदाही नीट आलं नाही.

नव्वदनंतर तुमची बदली मुंबईला झाली, पण तुम्ही घर हलवलं नाही. रोज सकाळच्या गाडीने जायचात, संध्याकाळी परत. पासवाल्यांची ती दुनियाच वेगळी. खिडकीतून रुमाल टाकायचा, म्हणजे जागा आपली. मी कधी बरोबर असले की तुम्ही रुमाल टाकायचात, मला शेजारी बसवायचात आणि म्हणायचात, "जागा धर, हलू नकोस." मग तुम्ही डब्या-डब्यातून मित्रांना भेटत हिंडायचात. मी दोन जागा धरून इगतपुरीपर्यंत लोकांच्या शिव्या खायचे. लग्नाच्या हॉलमध्ये तेच, डॉक्टरकडे तेच, गंगेवर दिवे बघायला गेलो तरी तेच. तुम्ही बघायचं आणि मी जागा धरायची.

निवृत्तीनंतर परदेशाचं ठरवलंत, तेव्हा मला वाटलं टूर कंपनीबरोबर जाऊ. चार बायका भेटतील, गप्पा होतील. तुम्ही म्हणालात, "झेंडेवाल्याच्या मागे मेंढरांसारखं फिरायचं? आपण रेल्वेने फिरू, स्वतंत्र." स्वतंत्र! पासपोर्ट दोघांचे, रेल्वेपास दोघांचे, पैसे, हॉटेलचा पत्ता, सगळं तुमच्या पोटावरच्या पाउचमध्ये. मी विचारलं होतं, माझा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये ठेवू का? तर म्हणालात, "हरवशील." बघा, शब्द तेव्हापासून तयार होता.

इंटरलाकेनहून लाउटरब्रुननला जायचं होतं, धबधबे बघायला. गाडी फलाटावर उभी होती. मी चढताना डब्याच्या पाटीकडे बघितलं. त्यावर ग्रिंडेलवाल्ड लिहिलेलं. पुढच्या डब्यांवर लाउटरब्रुनन. मी तुम्हाला म्हटलं, "अहो, या डब्यावर वेगळं नाव आहे."

तुम्ही काय म्हणालात? आठवतं? "गाडी एकच आहे. पंधरा वर्षं गाडीने जातोय मी. तू जागा धर."

आणि समोरच्या सीटवर रुमाल टाकलात. सगळा डबा रिकामा! लांब एक म्हातारी विणत बसली होती आणि तिचं कुत्रं. कुणासाठी टाकलात तो रुमाल? कुत्र्यासाठी? मग म्हणालात, "पुढे उजवीकडची खिडकी मिळते का बघून येतो. हलू नकोस." आणि उतरून पुढच्या डब्यात गेलात. तेवढ्यात दारं लागली आणि गाडी सुटली. तिथे धावत्या गाडीत उडी मारता येत नाही, हा धडा व्याख्यानात नव्हता.

मग मधलं ते छोटं स्टेशन आलं. एक लहानसा धक्का बसला. खिडकीतून बघते तर पुढचे डबे सुटून डावीकडच्या— नाही, बाजू आठवत नाही, दुसऱ्याच दरीकडे निघालेले, आणि एका खिडकीत तुमची टोपी. आमचे डबे वेगळ्याच वाटेला लागले. मी दोन बॅगा, एक दशम्यांचा डबा आणि एक रुमाल धरून बसले होते.

घाबरले मी. खोटं कशाला बोलू? परक्या मुलखात खिशात दमडी नाही, हातात कागद नाही. तिकीट तपासनीस आला, पिकलेल्या मिशांचा. मी उठून उभी राहिले आणि माझं सगळं इंग्रजी गोळा केलं. "माय हजबंड, फ्रंट. टिकेट, फ्रंट. पासपोर्ट, फ्रंट." त्याने रिकाम्या सीटवरच्या रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. पण तुमच्यासारखा नाही हसला. हाताने समजावलं की ही गाडी वर जाते, थांबते आणि हीच परत खाली येते. त्या मधल्या स्टेशनवर उतरा, तिथेच तो येईल. मी विचारलं, "शुअर?" तो म्हणाला, "शुअर, मॅडम." मला मॅडम म्हणणारा तो पहिलाच माणूस.

आणि पुढचं तुम्हाला कधीच सांगितलं नाही. वर ग्रिंडेलवाल्डला गाडी थांबली, परत निघायला वेळ होता. मी फलाटावरच्या बाकावर बसले. समोर तो एवढा थोरला डोंगर, निम्मा बर्फात. भीती कुठच्या कुठे गेली. बरोबर आणलेल्या गुळाच्या दशम्या काढल्या आणि डोंगराकडे बघत दोन खाल्ल्या. कुणी म्हणालं नाही की चल, इकडे बघ, फोटो काढायचाय, नीट उभी राहा. हात तुपकट झाले, ते तुमच्या रुमालाला पुसले. सगळ्या सहलीत तेवढाच वेळ माझा होता. तुम्ही म्हणता मी हरवले. मला तर उलट वाटलं होतं.

खाली आले तर तुम्ही फलाटावर. मी तुम्हाला आधी बघितलं, तुम्ही मला नंतर. टोपी हातात, तोंड पांढरंफटक. एका पोराला थांबवून माझी उंची हाताने दाखवत होतात. मला इतकी दया आली तुमची! वाटलं, धावत जावं. तेवढ्यात तुम्ही मला पाहिलंत आणि ओरडलात, "हलू नकोस म्हटलं होतं ना?" सगळा फलाट बघायला लागला. मग विचारलंत, "बॅगा कुठायत?"

बॅगा माझ्या हातात होत्या.

म्हटलं, माणूस घाबरलाय, ओरडू दे. हॉटेलवर गेल्यावर म्हणेल, चुकलं माझं. तुम्ही हॉटेलवर गेल्यावर म्हणालात, "नाशिकला सांगायला मस्त किस्सा झाला." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आणि मी मूग गिळून बसले. माणूस हौशी आहे, चार लोकांत शोभा कशाला करायची? मला काय ठाऊक, तुमचा किस्सा रोज थोडा मोठा होत जाईल आणि मी रोज थोडी लहान!

आता दवाखान्यातलं. तेच सगळ्यात जास्त लागलंय.

मी मोसंबं सोलत होते. खोलीत कुणी नव्हतं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "कुमुद, त्या दिवशी तू पाटी बरोबर वाचली होतीस. मीच ऐकलं नाही." कुमुद! लग्नात नाव घ्यायला लावलं होतं ते सोडलं तर हे नाव मी तुमच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझ्या हातातली फोड खाली पडली. मी म्हटलं, "असू द्या हो." आणि खरंच सगळं असू दिलं होतं मी, तेवढ्या एका वाक्यावर.

दुपारी निखिल आला. सलाईन बदलणारी नर्स तुम्हाला म्हणाली, "आजोबा, तुम्ही फॉरेनला गेला होता ना? काय काय बघितलं?" आणि तुम्ही, नाकात नळी, आवाज खोल गेलेला, तरी म्हणालात, "सगळं बघितलं. फक्त हिला शोधण्यात एक दिवस गेला. गाडीतून हरवली!" नर्स हसली. निखिल हसला. मी तुमच्याकडे बघत राहिले, की आता तरी म्हणाल, नाही रे, गंमत केली, चूक माझी होती. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत.

एवढं कठीण होतं का हो? एकटीला सांगता आलं, मग मुलासमोर का नाही? चार माणसांत हसू झालं माझं, आणि माफी मात्र बंद दाराआड! तुम्ही दोनच दिवसांनी गेलात. रागावायलाही वेळ ठेवला नाहीत. लोक म्हणाले, वहिनींच्या डोळ्यांत पाणी नाही, धक्का बसलाय. धक्का कसला, मी अजून तुमच्या त्या एका वाक्याची वाट बघत होते.

या वर्षभरात मी काय केलं माहीत आहे? विजेचं बिल मी भरते. बँकेत पेन्शनचं काम मी केलं, साहेबाने दोनदा परत पाठवलं तरी. घोटीला जाऊन वर्षाचा तांदूळ आणला, एस्टीने, एकटीने. बोर्ड वाचून गाडीत चढते. एकदाही चुकले नाही, कारण मला पाट्या वाचता येतात. पहिल्यापासून येत होत्या.

आज सकाळी दारामागच्या खुंटीवरचा तुमचा पाउच काढला. इतके दिवस हात लावला नव्हता. त्यातून माझा पासपोर्ट घेतला आणि माझ्या कपाटात, माझ्या साड्यांखाली ठेवला. तुमचा तुमच्यापाशी राहू दिला. व्यावहारिक धडा म्हणाल तर हाच: ज्याचा पासपोर्ट त्याच्याकडे असावा. पुन्हा जाईन की नाही, देव जाणे. पण गेले तर आधी ग्रिंडेलवाल्डलाच जाईन, आणि ठरवून.

आता वचन देते. रविवारी निखिल येईल, गिऱ्हाईक घेऊन. मी चहा टाकणार नाही. आधी त्याला समोर बसवीन आणि ही गोष्ट सांगेन. पाटीपासून मोसंब्यापर्यंत, जशी घडली तशी. त्याला त्याच्या बापाचा राग आला तर येऊ दे. रडला तर रडू दे. मग गिऱ्हाइकाला म्हणेन, घर विकायचं नाही, तुम्हाला उगाच त्रास झाला.

तुमच्यावरचा राग गेला असं समजू नका. तो अजून बराच आहे, पुरवून वापरीन. पण तुम्ही जन्मभर एकच गोष्ट मला शिकवलीत आणि तेवढी मी तुमच्यासाठी शेवटपर्यंत पाळणार आहे. या घरात मी जागा धरून बसलेय. आणि आता कुणीही येऊ दे, मी हलणार नाही.

कुमुद