कडक भाकरीची परीक्षा

सोलापूर, ८ जानेवारी २०२५

चि. कल्लप्पास,
शरणु शरणार्थी. फोन तू मध्येच तोडतोस, म्हणून पत्र.

त्या क्लिनिकने इंजेक्शनाने मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, सोडल्या आणि तुझ्या काव्याचं आतडं नवं झालं, असं भावकीत सांगत सुटला आहेस. मी तिच्या इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, क्रोन्सच्या आजारात या पेशींवर संशोधन चालू आहे, काही जखमा भरतातही. पण तुमच्या भाचीचं आतडं एका जागी अरुंद झालंय, ते इंजेक्शनाने रुंदावत नाही. गोळ्या रोज, खाणं मऊ. तिला बघायला येणाऱ्या सांगोल्याच्या पाहुण्यांना आधी खरं सांग. पोर आहे ती, बाजारात दाखवायची म्हैस नव्हे.

तुझी अक्का,
दाक्षायणी

अक्कलकोट, ११ जानेवारी

ती. अक्कास साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून लई हसलो. सिस्टरांच्या शाळेत इंग्रजी शिकलीस, संशय वरकड मिळाला! गोळ्या तीन आठवड्यांमागंच बंद केल्या की. क्लिनिकचे साहेब म्हणाले, नव्या पेशी आणि जुन्या गोळ्या एका घरात नांदत नाहीत. सर्टिफिकेटही दिलंय.

मुलगी पेजेवर जगते, असं पाहुण्यांच्या कानी कुणीतरी घातलंय. म्हणून १९ तारखेला पंगतीत सगळ्यांसमोर तिच्या ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. खाल्ली की तोंडं बंद. वाढायला तू ये. राग गड्ड्याच्या जत्रेत सोडून ये, लोभ तेवढा घेऊन ये.

तुझा कल्लप्पा

सोलापूर, २६ जानेवारी

कल्लप्पा,
आशीर्वाद लिहायला हात उठत नाही. तू बाहेर बाकावर, मी आत काव्याच्या उशाशी. तरी लिहितेय, कारण तोंड उघडलं तर सगळा वॉर्ड गोळा होईल.

पोरीने अख्खी भाकरी हसत खाल्ली. पाहुणीने तिच्या दातांचं कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं. आता हातभर आतडं काढून पोटाला पिशवी लावली आहे. गोळ्या कुणी थांबवल्या, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू पंख्याकडे बघत होतास.

आणि मी? चार शब्द सुनवायचे ठरवूनच आले होते. काव्याने माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यांसमोर माझी ही प्रसिद्ध जीभ टाळूला चिकटली. मी चटणी वाढली. दोनदा.

दाक्षायणी

अक्कलकोट, १२ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न.

पिशवी बदलायला मी शिकले. आई अजून तोंड फिरवते. मुलीला पुढे शिकायचंय, असं बाबांनी सांगोल्याला कळवलं. सर्टिफिकेट बसवण्णांच्या तसबिरीशेजारीच आहे.

चटणीचं मनाला लावून घेऊ नका, असं लिहिणार होते. लिहवत नाही. तुम्ही तेव्हा बोलायला हवं होतं, आत्या.

काल क्लिनिकचा फोन आला. बाबांनी सगळं सांगितलं, पिशवीचंसुद्धा. तिकडून म्हणाले, पेशी कमी पडल्या, दुसरं इंजेक्शन द्यावं लागेल. बाबांनी कॅलेंडरवर तारखेभोवती गोल केला आहे.

त्या तारखेआधी मी गोळ्या घेऊन तुमच्याकडे राहायला येतेय. बाबा न्यायला आले, तर या वेळी दारातच बोला. लोभाचं मग बघू.

तुमची काव्या